ग्वाल्हेरच्या थंडीत फरशी तापवायची, तर तारेने की पाण्याने?

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या नातलगांना सांगून पटत नाही. जानेवारीत इथले रात्रीचे तापमान सरासरीने सात अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली की ते त्याहून बरेच खाली उतरते, आणि दुपारपर्यंत न हटणारे धुके लागोपाठ काही दिवस राहिले तर दिवसाही अंगावरचा स्वेटर उतरवता येत नाही. त्यातून लष्कर या ग्वाल्हेरच्याच एका भागातली आमची जुनी घरे बांधली गेली ती मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांना तोंड देण्यासाठी : जाड भिंती, उंच छत, छताला दगडी पाटिया आणि पायाखाली दगडी फरशी. उन्हाळ्यात जी सोय, तीच पौष-माघात शिक्षा होते.

या वर्षी घराच्या मागच्या एकमजली भागाची दुरुस्ती काढली. आईची खोली आणि देवघर याच भागात आहेत. आई पहाटे उठून स्नान करते आणि अनवाणी पायांनी तासभर देवघरात बसते. तिच्या या नित्यक्रमात मोजे किंवा सपाता बसत नाहीत, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. फरशी उखडायचीच आहे तर तिच्या खाली उष्णतेची सोय करून घ्यावी, असे त्यामुळे ठरले. सिगडीचा विचार केव्हाच सोडला होता, कारण बंद खोलीत कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात त्याने माणसे झोपेतच दगावतात. क्वार्ट्झ हीटरने समोरून भाजते आणि पाठ गारच राहते. फरशीखालच्या उष्णतेचा गुण असा, की तळपायांपासून वर सगळी खोली सारखी ऊबदार होते आणि त्यामुळे हवेचे तापमान एखाद-दोन अंशांनी कमी असले तरी चालते.

आता ही फरशी तापवण्याच्या पद्धती दोन. एकीत जाळीवर नागमोडी बसवलेली विजेची तार असते. तीन-चार मिलिमीटर जाडीची ही चटई फरशीच्या लगेच खाली, चिकटवण्याच्या मसाल्यात, पुरली जाते आणि दर चौरस मीटरला साधारण १५० वॅट उष्णता देते. दुसरीत १६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची, म्हणजे पेक्सची, नळी पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या अंतराने वळवत सबंध खोलीभर अंथरतात, तिच्यावर कोबा ओततात आणि पंपाच्या साहाय्याने तिच्यातून ३५ ते ४५ अंशांचे पाणी फिरवतात. हे पाणी बॉयलरने तापवावे किंवा हीट पंपाने. एका फेऱ्याची नळी शंभर मीटरच्या फार पुढे नेत नाहीत, कारण त्यापुढे पंपाला जोर पुरत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचा फेरा वेगळा काढून ते सगळे एका मॅनिफोल्डला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या सामाईक नळाला, जोडतात.

ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या बहुतेकांनी बोलणे सुरू केले ते यंत्रापासून. मला वाटते सुरुवात खोलीपासून करावी. माणसे जिथे वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये, न्हाणीघरात ३३ च्या वर जाऊ नये, असे ईएन १२६४ हे युरोपीय मानक सांगते. फरशी २९ अंशांवर आणि खोली २० अंशांवर असेल, तर दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॅट उष्णता खोलीत येते. तार वापरा की पाणी, या आकड्यात फरक पडत नाही. आईची खोली बारा बाय चौदा फूट, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस मीटर आहे. कपाट आणि कडेच्या पट्ट्या सोडून तापवता येईल अशी जागा बारा चौरस मीटर, म्हणजे फरशीकडून मिळण्याजोगी उष्णता फार तर १२०० वॅट. बाहेर सहा अंश असताना ही खोली वीस अंशांवर ठेवायला किती उष्णता लागेल याचा हिशेब मी छत, भिंती, खिडक्या आणि फटींतून शिरणारा वारा असा एकेक धरून मांडला, तेव्हा उत्तर आले सुमारे १७०० वॅट. आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एकट्या पाटियांच्या उघड्या छतातून निघून जात होता. याचा अर्थ, आहे त्या स्थितीत कोणतीही पद्धत बसवली असती तरी कडाक्याच्या रात्री ती अपुरीच पडली असती. छतावर एक्सपीएस या उष्णतारोधक फोमच्या दोन इंची शीटा घालून वर चायना मोझेक केल्यावर हिशेब १२०० वॅटच्या आत येतो. शिवाय त्या थराचा उपयोग मे महिन्यातही आहे. त्यामुळे आमच्या खर्चातली पहिली रक्कम छतावर गेली, आणि ज्यांना एवढेच करणे शक्य आहे त्यांनी एवढेच करून फरशीचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला तरी चालेल, असे माझे मत आहे.

खर्चाकडे वळू. तारेत शिरलेल्या एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता निघते, त्यात चलाखीला वाव नाही. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो, आणि पाणी पस्तीस-चाळीस अंशांचेच हवे असल्याने एका युनिटमागे तीन किंवा थोडी अधिक युनिटे उष्णता देऊ शकतो. कागदावर इथेच पाण्याच्या पद्धतीचा विजय झालेला दिसतो. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्यानेही फोनवर हेच सांगितले, आणि त्याच्या गावी ते खरेच आहे, कारण तिथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावे लागते. आपल्याकडे खरी गरज असते ती डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, ओढूनताणून दोन महिने. आईच्या खोलीला रोज बारा युनिटे लागतील असे धरले आणि युनिटचा दर सोयीसाठी सात रुपये मानला, तर साठ दिवसांचे तारेचे बिल पाच हजारांच्या थोडे वर जाते. हीट पंपाने तेच काम सतराशे रुपयांत होईल. फरक वर्षाला सुमारे साडेतीन हजारांचा. चार खोल्या केल्या तरी साडेतेरा हजारांचा. माझ्यापुढे आलेल्या दोन अंदाजपत्रकांतली तफावत, चार खोल्यांसाठी, तीन लाखांच्या वर होती. म्हणजे ती भरून निघायला बावीस वर्षे लागणार, आणि हीट पंपाचे स्वतःचे आयुष्यच पंधरा ते वीस वर्षांचे असते. वर्षभर आंघोळीचे पाणीही त्याच पंपाने तापवून घेतले तर गणित थोडे सुधारते, हे मान्य. पण आमच्या इथे मार्च ते ऑक्टोबर टाकीतले पाणी आपणहूनच इतके तापलेले असते की गीझरचे बटण दाबायची वेळ क्वचितच येते.

पाणी विजेच्याच बॉयलरने तापवून नळ्यांत सोडण्याचीही एक सूचना होती. तिच्यात दोन्हीकडचा तोटा एकत्र येतो : खर्च नळ्यांचा आणि बिल तारेचे. बाहेर पाच-सहा अंश आणि दाट धुके असेल तेव्हा हीट पंपाच्या बाहेरच्या जाळीवर हिम धरते आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून उलटे चालावे लागते. आमच्याकडे उष्णतेची सर्वांत जास्त निकड असते ती नेमकी अशाच रात्री.

बिलाहून मला महत्त्वाचा वाटला तो इथल्या हवेचा स्वभाव. ग्वाल्हेरात स्वच्छ ऊन पडलेल्या जानेवारीत पहाटे सात अंश आणि दुपारी बावीस-तेवीस अंश, असा पंधरा अंशांचा चढउतार रोजचा आहे. नळ्यांवरचा दोन-अडीच इंची कोबा तापायला तीन-चार तास किंवा अधिक घेतो आणि निवायलाही तितकाच वेळ लावतो. पहाटे पाचला पाय ऊबदार हवे असतील तर मध्यरात्रीच पंप सुरू करावा लागतो, आणि मग दुपारी अंगणात ऊन खात बसावेसे वाटते तेव्हाही आत फरशी उष्णता सोडतच राहते. जिथे आठवडेच्या आठवडे थंडी एकसारखी असते, तिथे कोब्याचे हे जडपण गुणाचे ठरते. आपल्याकडे तारेची पातळ चटई अर्ध्या-पाऊण तासात पाय सुखावते आणि ऊन चढताच बंद करता येते. धुक्याच्या सलग दिवसांत, ज्यांना हवामान खाते शीतदिन म्हणते, कोबा बरा. पण हंगामात असे दिवस थोडे.

इथवर वाचून तारेकडे झुकलेल्या वाचकाने पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तो सहसा बारीक अक्षरांत असतो. आपण जमिनीवर राहणारी माणसे आहोत. पंगत जमिनीवर बसते, भजनाला सतरंजी अंथरली जाते, डिसेंबरात तानसेन समारोहासाठी पाहुणे आले की दिवाणखान्यात ओळीने गाद्या पडतात. कापसाची जाड गादी म्हणजे उत्तम उष्णतारोधक. तिच्याखालच्या तारेला वर काय ठेवले आहे हे कळत नाही. ती आपले दर चौरस मीटर दीडशे वॅट सोडत राहते, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर खोलीत एकाच जागी, बहुधा उघड्या फरशीखाली असल्याने, तो तिथले सत्तावीस अंश पाहून निश्चिंत असतो. गादीखाली मात्र तापमान चढत चाळीसच्या पुढे जाऊ शकते. ४४ अंशांचा स्पर्श काही तास टिकला तरी त्वचा भाजते; झोपलेल्या वृद्धाला, किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला, ते वेळेवर कळतही नाही. तळाशी पाय नसलेले लोखंडी कपाट किंवा पेटीचा दिवाण ठेवला तरी तारेवर हाच ताण येतो आणि ती जळू शकते.

पाण्याच्या नळ्यांत हा धोका जवळजवळ नाही. पाणी अडतीस अंशांचे सोडले असेल तर गादीखालची फरशी अडतीसच्या वर जाऊच शकत नाही; उष्णता घेणारे कोणी नसले की पाणी तसेच गरम परत फिरते. कोरियातल्या ओंडोलचा दाखला इथे चपखल आहे. तिथेही माणसे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसत आणि झोपत आली, पूर्वी चुलीचा धूर फरशीखालच्या पोकळ्यांतून फिरवून दगड तापवत, आणि आजच्या तिथल्या इमारतींत त्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या आहेत. जमिनीवर झोपणाऱ्या घराने सबंध घर तापवायचे ठरवले, तर मी बिलाचा हिशेब बाजूला ठेवून पाण्याचीच शिफारस करीन.

मग आमच्या घरी पाणी का नाही? दिवाणखान्यात पाणीच शोभले असते. पण तिथे अडला तो उंबरठा. नळ्यांसाठी खाली एक-दोन इंच उष्णतारोधक थर, वर दोन-अडीच इंच कोबा आणि त्यावर फरशी, असे मिळून जमीन चार-साडेचार इंचांनी वर येते. जुनी फरशी आणि तिच्याखालचा भराव खणून तेवढी खोली मिळवता येते हे खरे, परंतु या वस्तीतल्या घरांचे पाये फार खोल नाहीत आणि शेजारच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. मिस्त्रीने पहारीने एका कोपऱ्यात थोडे उकरून पाहिले आणि फूटभर खोलीवरच पायाचे दगड दाखवून दिले. न खणता चढवावे तर सागवानी चौकटी खालून कापाव्या लागतात, न्हाणीघराचा उतार उलटा होतो, आणि देवघराचा पितळी पट्टीचा उंबरठा नव्या जमिनीत बुडून जातो. तारेच्या चटईला खाली अर्ध्या इंचाहून कमी जाडीचा रोधक बोर्ड, मग मसाला आणि पातळ फरशी असे मिळून सव्वा इंच पुरतो. उखडलेल्या चाळीस मिलिमीटर जाडीच्या दगडी फरशीच्या जागेत ते सगळे मावते.

एका विक्रेत्याने उन्हाळ्याचे आमिष दाखवले : त्याच नळ्यांतून थंड पाणी सोडा आणि मे महिना गारव्यात काढा. यात तथ्य आहे, पण अर्धे. मे महिन्यातली आमची हवा इतकी कोरडी असते की फरशी वीस-बावीस अंशांपर्यंत थंड केली तरी तिच्यावर दव पडणार नाही. मात्र थंड फरशी तापलेल्या फरशीइतकी उदार नसते, गार हवा जमिनीलगतच साचून राहते आणि दर चौरस मीटरला तीस-चाळीस वॅटच्या पुढे उष्णता शोषली जात नाही. जुलै उजाडला की हवेतला दमटपणा एवढा वाढतो की पंचवीस अंशांच्या फरशीवरही ओल धरू लागते, आणि ओल्या दगडावरून वृद्ध माणूस घसरण्यापेक्षा उकाडा परवडला. कूलर आणि एसी यांची जागा फरशी घेईल, या भरवशावर कोणी नळ्या घालू नयेत.

पाण्याविषयी आणखी एक शंका इथे सर्वांनाच येते, ती क्षारांची. बोअरिंगच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढणारे पांढरे पुट पाहिलेल्या माणसाला फरशीखाली गाडलेल्या नळीची धास्ती वाटणे साहजिक आहे. पण हे पाणी बंद फेऱ्यातले असते. एकदा भरले की तेच फिरत राहते, त्यामुळे क्षार साचायला नवे क्षार येतच नाहीत. खरी काळजी घ्यायची ती प्राणवायूची : साध्या प्लास्टिकमधून तो हळूहळू आत झिरपतो आणि पंपाचे व मॅनिफोल्डचे लोखंडी भाग गंजवतो, म्हणून प्राणवायूरोधक थर असलेलीच नळी घ्यावी लागते.

शेवटी ठरले ते असे. आईच्या खोलीत आणि देवघरात तार. दिवाणखान्यात गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. हाही मुळात हीट पंपच आहे, युनिटे कमी खातो, आणि गाद्यांशी त्याचे भांडण नाही. आईच्या खोलीतही तोच का लावला नाही, असे कोणी विचारील. बिलाच्या दृष्टीने तो स्वस्तच पडला असता. पण उंच छताच्या खोलीत त्याची गरम हवा वर जाऊन बसते, घसा कोरडा पडतो, आणि ज्या तळपायांसाठी हा सगळा खटाटोप मांडला ते गारच राहतात. आई उंच पायांच्या पलंगावर झोपते, देवघरात ती बसते ते पातळ दर्भासनावर. तारेला यातल्या कशानेच अडचण होत नाही. तिच्या खोलीत गादी खाली अंथरायची नाही, एवढा एक नियम आम्ही स्वीकारला आहे. पाहुण्यांना तो सांगताना थोडे अवघडल्यासारखे होईल, पण सांगावा लागेल.

तार घेणाऱ्यांनी वीजभाराचा अंदाज आधीच घ्यावा. आमची खोलीतली चटई १८०० वॅटची आहे, म्हणजे आठ अँपिअरच्या आसपास. तिला स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच, आणि गीझर, पंप व एसी यांच्यासह मंजूर भार पुरतो का हेही पाहिले पाहिजे. थंडीच्या सकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज दोनशेपर्यंत उतरते. तेव्हा हीच चटई सुमारे १३६० वॅटच देते, म्हणून मी मुद्दाम जरा मोठी घेतली. वीज गेली तर इन्व्हर्टरवर तिची आशा धरू नये.

सर्वांत जास्त वेळ घालवावा तो फरशी बसण्याच्या आदल्या दिवशी. चटईचा रोध आमच्या वायरमनने तीनदा मोजला : खोक्यातून काढल्यावर, जमिनीवर पसरल्यावर आणि मसाला सुकल्यावर. प्रत्येक वेळी मीटरवर साडेएकोणतीस ओहमच्या जवळपासचा आकडा आला आणि मेगरने, म्हणजे वीजरोधक आवरण तपासण्याच्या मीटरने, केलेली तारेच्या आवरणाची तपासणीही ठीक निघाली. मधल्या मोजणीत आकडा वेगळा आला असता तर मिस्त्रीच्या थापीने तार कुठेतरी दुखावली असे समजून तिथेच काम थांबवता आले असते. पाण्याच्या पद्धतीत याच जागी नळ्यांत सहा बारचा दाब भरून ठेवतात आणि कोबा ओततानाही तो उतरू देत नाहीत, शिवाय सिमेंटचा कोबा एकवीस दिवस मुरल्याशिवाय त्यात गरम पाणी सोडत नाहीत. सेन्सर मात्र थेट मसाल्यात न पुरता एका बारीक नळीत सरकवून ठेवावा, म्हणजे तो बिघडल्यास फरशी न फोडता बदलता येतो. चटई उघडी असताना भिंतीला फुटपट्टी लावून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि ती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत, कारण पुढे कधीतरी कोणीतरी दाराचा स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन येणार आहे.